स्वीडिश मसाजला पहिल्यांदा जाताना: फोन करण्यापासून टेबलावरून उतरेपर्यंत

स्वीडिश मसाजला पहिल्यांदा निघालेल्या माणसाला मसाजबद्दल फारसं काही विचारायचं नसतं. त्याच्या मनातला खरा प्रश्न एकच असतो: कपडे किती काढायचे? आणि नेमका तोच तो कुणाला विचारत नाही. मुलीनं वाढदिवसाला व्हाउचर दिलेलं असतं, किंवा गोव्याच्या हॉटेलात पॅकेजमध्येच एक तास मिळालेला असतो. माणूस जातो, तासभर अंग चोरून पडून राहतो, हात जड पडला तरी गप्प बसतो, थंडी वाजली तरी गप्प बसतो आणि बाहेर येऊन 'छान होतं' म्हणतो.

उत्तर आधीच देऊन टाकतो. तुम्हाला चालतील तेवढेच कपडे काढायचे. बाकीचा लेख बराचसा याच धर्तीवर आहे, कारण तेल, हात, टेबल, दिवे हे सगळं तिथली माणसं सांभाळतात. तुमच्याकडे काम एकच उरतं, ते म्हणजे वेळेवर तोंड उघडणं. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि पैसे मोजून घेतलेल्या तासाला ती म्हण चांगलीच लागू पडते.

मुळात हा प्रकार काय आहे

नावातला 'स्वीडिश' पेर हेन्रिक लिंग यांच्यामुळे आला, असं सहसा सांगतात. हे तलवारबाजी शिकवणारे गृहस्थ. त्यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामशिक्षणाची संस्था काढली आणि हालचालींनी शरीर सुधारण्याची एक पद्धत बसवली. पण आज स्पामध्ये जे हाताचे प्रकार वापरले जातात त्यांच्या मांडणीचं आणि फ्रेंच नावांचं श्रेय जास्त करून ॲमस्टरडॅमचे डॉक्टर योहान मेझगर (१८३८–१९०९) यांना दिलं जातं. एवढा इतिहास पुरे.

आपल्याला मालीश नवी नाही. नरक चतुर्दशीचं अभ्यंग, बाळ-बाळंतिणीला चोळायला येणाऱ्या बाई, सलूनमधली चंपी हे सगळं अंगवळणी पडलेलं आहे. अडचण अशी, की तीच अपेक्षा घेऊन आपण स्पामध्ये जातो. तिथे तेल अंगावर ओतत नाहीत, हात सरकण्यापुरतंच लावतात. रगडून काढणं नसतं, उटणं नसतं. अंगभर चादर असते आणि ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच भाग उघडा करतात. हात संथ चालतो आणि हातापायांवर बहुतेक वेळा खालून वर, म्हणजे हृदयाच्या दिशेनं जातो. बाळंतिणीच्या मालिशीची सवय असलेल्या बाईला पहिली दहा मिनिटं 'ही नुसती हात फिरवतेय' असं वाटू शकतं. ती सुरुवात तशीच असते.

यातून मिळतं काय? अंग सैल पडतं, बऱ्याच जणांना त्या रात्री झोप बरी लागते, मान-खांद्यांचा ताठरपणा काही काळ कमी होतो. कंबरदुखीबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. २०११ साली अमेरिकेत सिएटल भागातल्या, जुनी कंबरदुखी असलेल्या ४०१ जणांवर केलेला तो अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा स्वीडिश पद्धतीचा आरामाचा मसाज दिला, काहींना दुखऱ्या ऊतींवर नेमकं काम करणारा मसाज दिला आणि काहींचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. दोन्ही मसाजवाल्या गटांना नेहमीच्या उपचारांपेक्षा बरं वाटलं आणि त्या दोघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे 'जोरात दाबलं तरच गुण येतो' या आपल्याकडच्या पक्क्या समजुतीला तिथे तरी आधार मिळाला नाही.

'शरीरातली विषद्रव्यं निघून जातात' हे मात्र मेन्यू कार्डावरचं साहित्य समजा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोज फुकट करतात.

कुणी जाऊ नये, कुणी आधी विचारावं

हा भाग कंटाळवाणा असला तरी वाचाच. ताप, नायटा किंवा खरजेसारखा पसरणारा त्वचेचा आजार, उघडी जखम, उन्हानं भाजलेली कातडी यांपैकी काही असेल तर तारीख पुढे ढकला. गोव्यात दिवसभर किनाऱ्यावर पडून संध्याकाळी मसाज घ्यायचा बेत अनेक जण आखतात. लाल झालेल्या पाठीवर तेलाचा हात फिरला की त्या बेतातली चूक कळते. दारू पिऊनही जाऊ नका.

लांबच्या प्रवासानंतर किंवा ऑपरेशननंतर एकाच पोटरीला सूज, दुखणं, लाली किंवा गरमपणा असेल, तर ती पोटरी कुणाकडूनही चोळून घेऊ नका, घरीसुद्धा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची ती लक्षणं असू शकतात आणि चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तिथून थेट डॉक्टर गाठायचा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, कर्करोगाचे उपचार सुरू असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा अलीकडेच ऑपरेशन झालं असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहामुळे पावलांना नीट जाणवत नसेल तर तसं थेरपिस्टला सांगा, कारण जोर जास्त झाला हे तुम्हालाच कळणार नाही. पायावर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तर त्यांच्यावर दाब नको. गरोदर असाल तर डॉक्टरांच्या संमतीनं आणि गरोदरपणाच्या मसाजचं शिक्षण घेतलेल्या थेरपिस्टकडेच जा. तिथे कुशीवर झोपवून मसाज देतात. मासिक पाळीत मसाज घ्यायला हरकत नाही, फक्त पोटावर हात नको असेल तर तसं सांगून ठेवा.

फोनवर काय विचारायचं

पहिल्या खेपेला साठ मिनिटं घ्या. नव्वद मिनिटं ऐकायला छान वाटतात, पण पालथं पडून राहायची सवय नसलेल्याला ती लांबतात. आणि साठ मिनिटं म्हणजे टेबलावरची साठ, की कपडे बदलणं आणि पाय धुणं धरून साठ, हे स्पष्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी 'एक तास' म्हणजे अंगावर हात पन्नास-पंचावन्न मिनिटं. त्यात फसवणूक नाही, पण माहीत असलेलं बरं.

थेरपिस्ट बाई हवी की पुरुष, हे फोनवरच ठरवून घ्या. यात संकोच करण्यासारखं काही नाही, रोज शंभर वेळा ऐकलेला प्रश्न असतो तो. सांगितलेल्या दरात कर धरलाय का, तेही विचारा. पंचतारांकित हॉटेल आणि नाक्यावरचा स्पा यांच्या दरात कित्येक पटींचा फरक असतो. जास्तीचे पैसे बरेचसे खोली, टॉवेल आणि शांततेचे असतात, हात दोन्हीकडे चांगला किंवा वाईट असू शकतो. थेरपिस्टचं प्रशिक्षण कुठे झालं हे विचारलं तर चांगल्या जागेत सरळ उत्तर मिळतं. ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं प्रमाणपत्र किंवा सिडेस्को या सौंदर्यक्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा डिप्लोमा अशी नावं ऐकायला मिळतील. उत्तराऐवजी गोलमाल बोलणं, मधाळ सूर, 'एक्स्ट्रा सर्व्हिस'चा इशारा असं काही आलं तर फोन ठेवा आणि दुसरी जागा बघा.

घरून निघताना

पोटभर जेवण आणि मसाज यांत निदान दीड-दोन तासांचं अंतर ठेवा. तुडुंब मिसळ खाऊन पालथं पडणं ही स्वतःला दिलेली शिक्षा आहे. अगदी उपाशीही जाऊ नका, उठताना गरगरतं. अंघोळ करून जा. त्याच दिवशी वॅक्सिंग किंवा दाढी केली असेल तर तेल चुरचुरतं, म्हणून ते आदल्या दिवशी उरका. कपडे सैल आणि तेलाचा डाग पडला तरी चालेल असे घाला, पांढरा लिननचा शर्ट घरीच राहू द्या.

दागिने शक्यतो घरी ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर काढू नका, फक्त ते बाजूला सरकवून काम करायला सांगा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर डबी सोबत न्या, कारण पालथं झोपल्यावर उशीचा दाब डोळ्यांभोवती येतो. दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा पोचलात तर वेळ तुमचाच कापला जातो, कारण त्या खोलीत पुढचा माणूस येणार असतो.

काउंटरवरचा कागद

एक फॉर्म देतात. आपल्याकडे तो न वाचता सही करून परत देण्याची रीत आहे. ती इथे मोडा. आजार, गोळ्या, ॲलर्जी, जुनी दुखापत हे सगळं लिहा. तेलाची ॲलर्जी हा खराखुरा मुद्दा आहे, कारण गोडे बदाम तेल इथे सर्रास वापरतात. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर सूर्यफूल, द्राक्षबिया किंवा खोबरेल मागा. सुगंधानं डोकं चढत असेल तर बिनवासाचं तेल सांगा.

आणि फॉर्ममध्ये जे लिहिलं ते थेरपिस्टला तोंडानंही सांगा. कागद काउंटरवरच राहतो आणि आत येणाऱ्या व्यक्तीनं तो वाचलेला असेलच असं नाही. कुठे जास्त काम हवं, कुठे हात लावायचा नाही, डोक्याला तेल हवं की नको, हे आत्ताच सांगून टाका. संध्याकाळी लग्नाला जायचं असेल तर डोक्याचं तर नक्कीच.

आणि आता कपडे

खोलीत नेल्यावर थेरपिस्ट तुम्हाला एक पाकीट देते. त्यात कागदासारख्या कापडाची, एकदा वापरून टाकायची चड्डी असते. ती दिसायला विनोदी असते आणि सगळ्यांनाच तशी दिसते. ती घाला किंवा आपली स्वतःची अंतर्वस्त्रं ठेवा, दोन्ही चालतं. बायकांना पाठीवर सलग हात फिरवून हवा असेल तर ब्रा काढावी लागते किंवा पालथं झाल्यावर मागचा हूक सोडावा लागतो, पण ठेवायची असेल तर ठेवा. थेरपिस्ट त्याच्या कडेनं काम करते. काही जण सगळेच कपडे काढतात, काही जण अर्धी विजार ठेवतात. तुम्ही बदलताना थेरपिस्ट खोलीबाहेर जाते आणि परत येताना दार वाजवते. गेली नाही तर 'दोन मिनिटं बाहेर थांबता का?' असं म्हणा.

तुम्ही चादरीखाली जायचं, पालथं झोपायचं आणि तोंड टेबलाच्या डोक्याकडच्या, मधे भोक असलेल्या उशीत ठेवायचं. उशी खालीवर होते. मान ताणली जात असेल तर लगेच सांगा, कारण पुढची पंचवीस-तीस मिनिटं मान तिथेच राहणार आहे. घोट्यांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला तर कमरेला आराम पडतो. नसेल ठेवला तर मागा.

टेबलावरचा तास

क्रम जागेगणिक बदलतो, पण बहुतेक ठिकाणी सुरुवात पाठीपासून होते. आधी चादरीवरूनच हात ठेवून हलका दाब देतात. मग चादर कमरेपर्यंत दुमडतात आणि तळहातावर कोमट केलेलं तेल येतं. तेल गार लागलं तर थेरपिस्टला घाई आहे असं समजा.

पहिला प्रकार म्हणजे लांब, सलग, कमरेपासून खांद्यांपर्यंत जाणारे हात, एफ्लुराज. याचं काम तेल पसरवणं, स्नायू कोमट करणं आणि कुठे ताठरपणा आहे ते चाचपणं. म्हणून तो हलका वाटला तरी पाच मिनिटं वाट बघा. त्यानंतर पेट्रिसाज येतो. यात स्नायू उचलून, दाबून, सोडून कणीक तिंबतात तसा तिंबतात. खांदे आणि मानेचा वरचा भाग यांना याचा सगळ्यात जास्त फायदा होतो, लॅपटॉपवर वाकून बसणाऱ्यांना तर विशेष. गाठीसारख्या घट्ट जागी अंगठ्यानं किंवा बोटांच्या टोकांनी लहान वर्तुळं काढत घासतात, ते फ्रिक्शन. इथे थोडं दुखू शकतं. टॅपोटमाँ म्हणजे हाताच्या कडेनं किंवा ओंजळ करून थापट्या मारणं. आरामाच्या मसाजमध्ये ते थोडकंच असतं, काही थेरपिस्ट गाळूनच टाकतात आणि मला ते गाळलेलंच आवडतं. शेवटचा प्रकार कंपन, म्हणजे हात ठेवून बारीक थरथर देणं. ती इतकी सौम्य असते की झोप लागलेल्याला कळतही नाही.

दाब मणक्याच्या दोन्ही बाजूंना यायला हवा, थेट मणक्यावर नव्हे. गुडघ्याच्या मागच्या लवणीतही जोर नको. या दोन गोष्टी थेरपिस्टचा हात शिकलेला आहे की नाही हे लगेच दाखवतात.

पाठीला साधारण वीस मिनिटं मिळतात. मग एक पाय, तो झाकायचा, मग दुसरा. एका वेळी एकच अवयव उघडा असतो. पायांचं झालं की 'पलटा' असं सांगतात. थेरपिस्ट चादर आडवी धरते आणि तुम्ही तिच्या आडोशानं उताणे होता. गुडघ्यांखाली उशी मागून घ्या. मग पुढून पाय, हात, तळवे. तळहाताला मिळणारी दोन मिनिटं अनेकांना सगळ्यात जास्त आवडतात, ही गंमत आहे. पोटावर हात फिरवायचा का, हे विचारतात. नको असेल तर 'पोट नको' एवढंच म्हणा, त्याचं कारण सांगायची गरज नाही. स्त्रियांच्या छातीवर मसाज यात येत नाही आणि दोघांच्याही गुप्तांगांच्या आसपास हात जात नाही. शेवटी मान, डोकं, कपाळ.

मधेच कुणी मान वळवून कट्-कन् मोडायला लागलं तर तिथेच थांबवा. सलूनमधल्या सवयीनं काही जण ते 'बोनस' म्हणून देतात. स्वीडिश मसाजमध्ये ते बसत नाही, आणि झटक्यानं मान वळवल्यानं मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याची प्रकरणं डॉक्टरांना ठाऊक आहेत.

झोप लागते, घोरणं होतं, पोट गुडगुडतं, क्वचित वायूही सरतो. नाक चोंदतं, कारण तोंड खाली असतं. टिशू मागा. काही जणांना विनाकारण रडू येतं. पुरुषांना कधी नकळत उत्तेजना येते. ती शरीराची प्रतिक्रिया असते, ओसरते, आणि जाणती थेरपिस्ट तिकडे लक्ष देत नाही. तिच्याकडून काही अपेक्षा करणं किंवा सुचवणं हा मात्र सरळ सरळ छळ आहे. तसंच उलट बाजूनंही. स्पर्श कुठल्याही क्षणी खटकला तर 'बस, थांबा' म्हणा, उठा, कपडे घाला आणि काउंटरवर सांगा. तास अर्धा राहिला तरी चालेल.

जोर कसा सांगायचा

'ठीक आहे ना?' या प्रश्नाला आपण सवयीनं 'हो हो' म्हणतो. त्याऐवजी मनात दहापैकी गुण द्या. चार ते सहा म्हणजे आरामाचा दाब. तुम्ही श्वास रोखून धरताय, पावलांची बोटं आखडताय, दात आवळताय, तर तो दाब जास्त आहे, मग कितीही 'सहन होतंय' वाटो. स्नायू विरोध करायला लागला की मसाजचा हेतूच संपला.

मुंबई-पुण्यातल्या स्पांमध्ये मिझोराम, नागालँड, मणिपूरकडून आलेल्या बऱ्याच जणी काम करतात, त्यांच्याशी मराठीतून लांबलचक बोलून उपयोग नसतो. 'सॉफ्ट', 'मीडियम', 'थोडा हल्का', 'यहाँ और', एवढ्यावर सगळं भागतं. थंडी वाजली तर 'एसी कम', संगीत नको असेल तर 'म्युझिक बंद'. गप्पा मारायलाच हव्यात असं काही नाही. डोळे मिटले की समोरच्याला ते कळतं.

उतरताना

झालं की थेरपिस्ट सांगते आणि बाहेर जाते. लगेच ताडकन उठू नका. आधी कुशीवर वळा, मग हाताच्या आधारानं बसा, पाय खाली सोडून मिनिटभर थांबा. तळव्याला तेल आणि खाली फरशी, हा घसरून पडायचा हमखास मुहूर्त असतो. चपला मागून घ्या. आईवडिलांना नेलं असेल तर त्यांना उतरवायला थेरपिस्टला आत थांबायला आधीच सांगून ठेवा.

अंघोळ लगेच करायची की नंतर, ही आवड. तेल अंगावर राहिलं तरी बिघडत नाही. वाटलं तर पाणी प्या, चहा दिला तर चहा प्या, त्यात औषध काही नाही. गुंगी वाटत असेल तर गाडी चालवायच्या आधी पंधरा मिनिटं बसा. दुसऱ्या दिवशी अंग किंचित ठणकलं तर घाबरू नका. काळं-निळं पडलं, मुंग्या यायला लागल्या किंवा दुखणं दोन-तीन दिवसांत उतरलं नाही, तर डॉक्टरांना दाखवा. चादरीवर, बनियनवर तेल उतरलं असेल तर गरम पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण लावून तासभर ठेवा.

टीप द्यायची तर थेरपिस्टच्या हातात द्या, काउंटरवर दिलेली तिच्यापर्यंत पोचेलच असं नाही. आकडा तुमच्या मनाचा. अमेरिकेत मुलाकडे गेल्यावर मसाज घेतलात तर बिलावर पंधरा ते वीस टक्के टीप देण्याची तिथे रीत आहे, ते आधीच हिशेबात धरा.

आणि बाहेर पडताना काउंटरवरची मुलगी हसून एक छापील कागद पुढे करेल: दहा सेशन्सचं पॅकेज, आजच घेतलं तर मोठी सूट. तुम्ही तेव्हा अर्धवट झोपेत आणि अख्ख्या जगावर खूश असता. कागद घरी न्या. मुदत किती, पैसे परत मिळतात का, तीच थेरपिस्ट मिळेल का, शाखा बंद पडली तर काय, हे दुसऱ्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर फोन करून विचारा. मग ठरवा.